पीएफ आणि ईएसआय : पगारातून किती कापतात, मालक किती भरतो आणि ते कुठे जातं?

महिन्याची दहा तारीख उलटली की माझा फोन वाजायला लागतो. लहान कारखाने, दुकानं, दवाखाने यांच्या पगाराचं काम मी बघतो आणि पीएफ-ईएसआयचं चलन भरायची शेवटची तारीख १५ असते. फोन मालकांचे असतात तसे कामगारांचेही असतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून हे एकदा लिहून ठेवलं. हा सगळा मामला खासगी नोकरीचा आहे. सरकारी नोकरांचा हिशेब वेगळा असतो, तो इथे नाही.

पीएफ आणि ईएसआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

पूर्ण वेगळ्या. पीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी. म्हातारपणासाठीची बचत, तिच्या जोडीला पेन्शन आणि थोडा विमा. तो ईपीएफओ ही संस्था चालवते. ईएसआय म्हणजे राज्य कामगार विमा. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात यासाठी तो आहे आणि त्याची संस्था ईएसआयसी. दोन कार्यालयं, दोन पोर्टल, दोन चलनं. पीएफचे पैसे तुमच्या नावावर साठतात आणि परत मिळतात. ईएसआयचे साठत नाहीत, ते विम्याच्या हप्त्यासारखे आहेत. "तीन वर्षं ईएसआय कापला, आता नोकरी सोडली, पैसे परत कधी मिळणार?" हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. उत्तर असं की मिळणार नाहीत, कारण ती बचत नव्हतीच.

ईएसआयचा कायदा १९४८ चा, पीएफचा १९५२ चा. ईएसआयच्या मुळाशी प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये दिलेला औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल आहे. आता या दोन्ही कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यामुळे काय बदललं ते खाली येईलच.

कोणत्या आस्थापनेला हे लागू होतं?

पीएफ २० किंवा त्याहून जास्त माणसं असली की. ईएसआय १० पासून. मोजताना फक्त कायम कामगार धरायचे, हा मालकांचा आवडता गैरसमज. कंत्राटी आणि रोजंदारीवरचेही धरायचे असतात. आणि एकदा लागू झालं की नंतर माणसं कमी झाली तरी सुटका नाही. २२ चे १४ झाले म्हणून पीएफ बंद करता येत नाही.

२० पेक्षा कमी माणसं असतानाही मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर पीएफ स्वेच्छेने लावून घेता येतो.

नेमकं किती टक्के?

पीएफमध्ये कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. काही ठिकाणी, म्हणजे २० पेक्षा कमी माणसांची आस्थापना, विडी, वीट, काथ्या, ताग असे काही उद्योग, इथे दर १० टक्के आहे.

ईएसआयमध्ये कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. १ जुलै २०१९ पूर्वी हेच दर १.७५ आणि ४.७५ होते. रोजची सरासरी मजुरी १७६ रुपयांपर्यंत असेल तर कामगाराचा हिस्सा माफ, मालकाचा मात्र भरावाच लागतो.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो मालकाच्या १२ टक्क्यांचं पुढे काय होतं यात.

मालकाचे १२ टक्के माझ्या पीएफमध्ये दिसत नाहीत. कमी का?

कारण ते एका खात्यात जातच नाहीत. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत वळतात आणि उरलेले ३.६७ टक्के तुमच्या पीएफमध्ये. शिवाय मालक स्वतःच्या खिशातून आणखी दोन रकमा भरतो. ०.५० टक्के विमा योजनेसाठी आणि ०.५० टक्के प्रशासकीय खर्चासाठी. या खर्चाची रक्कम कितीही कमी निघाली तरी सगळ्या आस्थापनेची मिळून महिन्याला किमान ५०० रुपये भरावी लागते. तीन माणसांच्या दुकानमालकाला हे ५०० फार लागतात.

एक खरी पगाराची ओळ घेऊ. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १४,२०० रुपये. बाकी भत्ता काही नाही, म्हणजे हिशेब स्वच्छ राहील.

कामगाराच्या पगारातून पीएफ १,७०४ आणि ईएसआय १०७. एकूण १,८११. हातात १२,३८९.

मालकाकडून पेन्शनला १,१८३, पीएफला ५२१ (दोन्ही मिळून १,७०४), विम्याला ७१, प्रशासकीय खर्चाचे ७१ आणि ईएसआयचे ४६२. एकूण २,३०८.

म्हणजे हा माणूस मालकाला १६,५०८ ला पडतो, घरी १२,३८९ नेतो आणि मधले ४,११९ चलनाने जातात. ईएसआयचा ०.७५ टक्के हिशेब १०६.५० येतो, तिथे १०७ का, असं कोणी विचारेल. ईएसआयमध्ये रुपयाच्या वर काही पैसे निघाले की पुढचा पूर्ण रुपया धरायचा असतो. पीएफमध्ये मात्र जवळचा रुपया.

१५,००० ची मर्यादा म्हणजे काय?

पीएफसाठी वेतनाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. त्याआधी ती ६,५०० होती. सक्ती एवढ्यापुरतीच. तुमचं बेसिक ४०,००० असलं तरी कंपनी १५,००० वर १२ टक्के, म्हणजे १,८०० कापून तेवढेच स्वतः भरू शकते. ते कायद्यात बसतं. बऱ्याच कंपन्या पूर्ण बेसिकवर कापतात. मग ४,८०० तुमचे आणि ४,८०० कंपनीचे.

पेन्शनचा हिस्सा मात्र पूर्ण बेसिकवर कापला तरी १५,००० वरच मोजतात, म्हणजे १,२५० च्या वर जात नाही. वरच्या उदाहरणात कंपनीच्या ४,८०० पैकी १,२५० पेन्शनला आणि ३,५५० पीएफला. विम्याचा हिस्साही ७५ वर थांबतो.

यातही एक पोटभेद आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच पीएफचा सभासद झाला आणि त्या वेळी त्याचं वेतन १५,००० च्या वर होतं, तो पेन्शन योजनेत येतच नाही. त्याच्या बाबतीत कंपनीचे सगळे १२ टक्के पीएफमध्ये जमा व्हायला हवेत. इथे चुका भरपूर होतात. नव्या माणसाची माहिती भरताना पेन्शनच्या चौकोनात चुकून खूण राहते, दर महिन्याला १,२५० भलत्या खात्यात जातात आणि हे उघड होतं पैसे काढायच्या वेळी, पाच-सात वर्षांनी. दुरुस्ती होते, पण घाम काढते.

माझा पगार जास्त आहे. मी पीएफ नको म्हणू शकतो का?

आयुष्यात कधीच पीएफचे सभासद झाला नसाल आणि रुजू होतानाच पीएफचं वेतन १५,००० च्या वर असेल तर हो, फॉर्म ११ मध्ये तसं जाहीर करून बाहेर राहता येतं. एकदा सभासद झालात की नाही. आधीच्या नोकरीतलं खातं लपवून फॉर्म ११ भरणारे भेटतात. आधार जोडलेलं असल्यामुळे ते लपत नाही.

पीएफ कशावर कापायचा? बेसिकवर की एकूण पगारावर?

जुन्या कायद्यात बेसिक, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाउन्स (काम बंद असतानाच्या काळात कामगाराला राखून ठेवण्यासाठी दिलेला भत्ता) यांवर. घरभाडे, ओव्हरटाइम, बोनस वगळून. मग व्हायचं काय, की ३०,००० च्या पगारात बेसिक ८,००० आणि बाकी सगळं 'स्पेशल अलाउन्स'. पीएफ वाचवायची ही युक्ती इतकी रुळली होती की नवीन मालकांना तीच योग्य पद्धत वाटायची. २८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जो भत्ता सगळ्यांना सरसकट आणि नेहमी मिळतो तो बेसिकचाच भाग धरायचा.

नव्या संहितेने तर व्याख्याच बदलली. वेतनातून वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पुन्हा वेतनात येतो. उदाहरण घ्या. एकूण ३०,०००, त्यात बेसिक १०,००० आणि वगळलेले भत्ते २०,०००. निम्मे १५,०००. भत्ते त्यापेक्षा ५,००० ने जास्त, म्हणून वेतन १०,००० अधिक ५,००० असं १५,००० धरायचं. पीएफ पूर्वी १,२०० कापला जायचा, आता १,८००. हातातले ६०० कमी झाले म्हणून कामगार नाराज होतात. पण मालकालाही ६०० जास्त भरावे लागतात आणि ते त्याच कामगाराच्या नावावर जातात, हे त्यांना सांगावं लागतं. ज्यांचा पीएफ आधीपासून १५,००० च्या मर्यादेवरच कापला जात होता, त्यांना सक्तीच्या कपातीत फरक पडत नाही.

ईएसआयची मर्यादा किती? पगार वाढल्यावरही कापतात, हे चूक आहे ना?

मर्यादा महिना २१,०००, अपंग कामगारांसाठी २५,०००. १ जानेवारी २०१७ पासून ही अशीच आहे.

आणि नाही, चूक नाही. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तुकडा सुरू होताना तुम्ही मर्यादेत होता, तर मध्येच वेतन वाढलं तरी तुकडा संपेपर्यंत कपात चालू राहते, आणि तीही वाढलेल्या पूर्ण वेतनावर. जूनमध्ये वेतन २२,००० झालं तर सप्टेंबरपर्यंत दरमहा १६५ तुमचे आणि ७१५ मालकाचे जातील. त्याचा उपयोगही आहे. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात, ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे. म्हणजे कपात थांबल्यावरही काही महिने संरक्षण राहतं.

ईएसआयमधून मिळतं काय?

औषधोपचार स्वतःला आणि कुटुंबाला, तोही पहिल्या दिवसापासून. आजारी पडून रजा घ्यावी लागली तर वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी त्या तुकड्यात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. बाळंतपणात २६ आठवडे. कामावर अपघात झाला तर वेतनाच्या ९० टक्के. मृत्यू झाला तर घरच्यांना दरमहा आधार.

दवाखान्यातल्या रांगा, औषधांचा तुटवडा याबद्दल लोक बोलतात आणि ते खोटं नाही. पण १०७ रुपयांत कुटुंबाला एवढं देणारा विमा बाजारात कुठे मिळत नाही, हेही तितकंच खरं. माझं मत विचाराल तर मर्यादेत असताना ईएसआय टाळायच्या भानगडीत पडू नका. अपघात सांगून येत नाही, आणि नोंद नसलेल्या कामगाराचा हात मशिनमध्ये गेला की सगळा खर्च मालकाच्या अंगावर येतो.

मालक हे पैसे भरतो कसे? पंधरा तारखेला नेमकं होतं काय?

पगार झाला की माझ्यासारखा माणूस एक टेक्स्ट फाइल बनवतो. तिला ईसीआर म्हणतात. एका माणसाची एक ओळ. त्यात यूएएन (सभासदाचा कायमचा पीएफ क्रमांक), नाव, एकूण पगार, पीएफचं वेतन, पेन्शनचं वेतन, विम्याचं वेतन, मग कामगाराचा हिस्सा, पेन्शनचा हिस्सा, मालकाचा पीएफमधला हिस्सा आणि त्यानंतर बिनपगारी दिवस. दोन आकड्यांच्या मध्ये #~# अशी खूण. एक खूण चुकली तरी पोर्टल अख्खी फाइल परत पाठवतं. कोणाचं आधार जोडलेलं नसेल तर त्याची ओळ अडकते, आणि हे बहुतेकदा १५ तारखेच्या संध्याकाळी समजतं. त्या माणसाचा फोन तेव्हाच लागत नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव.

फाइल मंजूर झाली की चलन तयार होतं. त्यावर पीएफ, प्रशासकीय खर्च, पेन्शन आणि विमा अशी वेगवेगळी खाती असतात. क्रमांक १, २, १०, २१, २२. पैसे नेट बँकिंगने जातात. ईएसआयचं दुसऱ्या पोर्टलवर, तेही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. म्हणजे जूनच्या पगाराचं दोन्हीकडचं चलन १५ जुलैपर्यंत. पीएफमध्ये पूर्वी पाच दिवसांची सवलत होती, ती फेब्रुवारी २०१६ पासून गेली. अजूनही काही जुने मालक "वीस तारीख आहे ना?" असं विचारतात.

उशीर झाला तर?

थकलेल्या रकमेवर वर्षाला १२ टक्के व्याज. पीएफमध्ये त्याच्या जोडीला नुकसानभरपाई, जी जून २०२४ पासून महिन्याला १ टक्का आहे. त्याआधी उशीर वाढेल तसा दर ५ पासून २५ टक्क्यांपर्यंत चढायचा.

मालकांना याहून मोठा फटका आयकरात बसतो, आणि तो त्यांना सीए सांगतो तेव्हा कळतो. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा मुदतीत भरला नाही, तर नंतर भरूनही त्या रकमेची वजावट उत्पन्नातून मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. एका दिवसाचा उशीरही चालत नाही. मालकाच्या स्वतःच्या हिश्शाला ही इतकी कडक अट नाही, कारण कापलेला हिस्सा मालकाचा नसतोच. तो त्याच्याकडे ठेवायला दिलेला असतो.

मालकाने कापले पण भरलेच नाहीत तर?

हा प्रश्न मला जवळचा आहे. माझ्या पहिल्या नोकरीत पगाराच्या स्लिपवर सात महिने 'पीएफ' असा रकाना होता आणि त्यात आकडाही होता. नोकरी सोडल्यावर पासबुक पाहिलं तर दोनच महिन्यांची नोंद. स्लिपवर आकडा आहे म्हणजे पैसे जमा झाले, असं मी धरून चाललो होतो. कापणं वेगळं आणि भरणं वेगळं, हे मी तेव्हा शिकलो.

कायदा इथे कडक आहे. कापून न भरणं म्हणजे फौजदारी विश्वासघात. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ मध्ये पीएफ आणि ईएसआयची नावं घालूनच हे लिहिलेलं होतं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. दर महिन्याच्या वीस-पंचवीस तारखेला उमंग अ‍ॅपवर किंवा ईपीएफओच्या साइटवर पासबुक उघडा. शिवाय ईपीएफओच्या साइटवर 'आस्थापना शोधा' अशी सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचं चलन कधी भरलं आणि किती माणसांचं भरलं ते दिसतं. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. सलग दोन-तीन महिने नोंद नसेल तर आधी पगार विभागात विचारा, शक्यतो लेखी. उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' हा मेळावा भरतो, तिथे अधिकारी समोरासमोर भेटतात. पगाराच्या स्लिपा आणि बँकेत पगार जमा झाल्याची नोंद बरोबर ठेवा. तक्रारीत त्यांनाच वजन असतं.

कंपनी म्हणते की मागच्या सहा महिन्यांचा राहिलेला हिस्सा आता एकदम कापणार. चालेल?

नाही. कामगाराचा हिस्सा ज्या महिन्याचा, त्याच महिन्याच्या पगारातून कापता येतो. तेव्हा कापायचं राहिलं तर तो भार मालकाचा. पीएफमध्ये खरोखर नजरचुकीने राहिलं असेल तर निरीक्षकाच्या लेखी संमतीने कापता येतं, पण त्या वाटेने जाणारा मालक मी अजून पाहिलेला नाही.

मालकाचा हिस्साही माझ्याच पगारातून कापतात, असं वाटतंय.

दोन गोष्टी आहेत. ऑफर लेटरमध्ये सीटीसी, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च, सांगताना मालकाचा हिस्सा त्यात धरतात. ही प्रथा आहे. आवडो न आवडो, रुजू होतानाच आकडा तुमच्यासमोर असतो. पण ठरलेल्या पगारातून मालकाचे १२ टक्केही वळते करून घेणं, म्हणजे तुमच्याकडून २४ टक्के कापणं, याला सक्त मनाई आहे. म्हणून ऑफर हातात आली की सीटीसी बघू नका, 'ग्रॉस' (कपातीआधीचा पगार) किती आणि त्यातून काय काय जाणार ते विचारा.

मालकाने दोन महिने पगारच दिला नाही. मग पीएफ?

तरीही देणं लागतो. कायद्यात शब्द 'दिलेलं' वेतन असा नाही, 'देय' वेतन असा आहे.

कंत्राटदाराच्या माणसांचं कोण भरणार?

कंत्राटदार. त्याने भरलं नाही तर मूळ मालक, आणि नंतर मूळ मालकाने कंत्राटदाराकडून वसूल करायचं. सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार पुरवणारे गायब होतात तेव्हा नोटीस कारखान्याला येते. मी माझ्या मालकांना एकच सवय लावली आहे. कंत्राटदाराचं बिल मंजूर करण्याआधी त्याच्या मागच्या महिन्याच्या दोन्ही चलनांच्या प्रती मागायच्या, आणि त्यात आपल्याकडच्या माणसांची नावं आहेत का ते ओळीओळीने बघायचं. नुसत्या चलनाच्या रकमेवर जाऊ नका. कंत्राटदार तीच प्रत चार ठिकाणी दाखवतो.

शिकाऊ उमेदवारांचा पीएफ कापायचा का?

शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली रीतसर नोंदवलेल्यांचा नाही. नाव 'ट्रेनी' आणि काम मात्र पूर्ण कामगाराचं असेल तर हो.

पेन्शनच्या रकान्यात व्याज का दिसत नाही?

कारण तो साठा तुमच्या नावावर नसतो. पीएफवर व्याज मिळतं, २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. पेन्शनचे पैसे सगळ्यांच्या एकत्र निधीत जातात आणि पेन्शन ठरते सूत्राने. शेवटच्या ६० महिन्यांचं सरासरी वेतन गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. वेतन १५,००० आणि १४ वर्षं असतील तर महिना ३,०००. किमान पेन्शन १,०००. वय ५८ आणि किमान १० वर्षं सेवा हवी. दहा वर्षांच्या आत सोडलं तर फॉर्म १०सी भरून रक्कम काढता येते किंवा योजना प्रमाणपत्र घेऊन पुढच्या नोकरीत वर्षं जोडता येतात. पुढेही नोकरी करणार असाल तर दुसरं करा. नऊ वर्षांवर पैसे काढून दहावं वर्ष हातचं घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

५८ नंतरही कोणी कामावर असेल तर पेन्शनचा हिस्सा थांबतो आणि मालकाचे सगळे १२ टक्के पीएफमध्ये जातात. पगारपत्रकात हा बदल कोणीतरी हाताने करावा लागतो, आणि तो विसरला जातो. साठीकडे झुकलेल्या सहकाऱ्यांनी पासबुक जरूर तपासावं.

१२ टक्क्यांपेक्षा जास्त भरता येतात का?

तुमच्या बाजूने हो, बेसिकच्या १०० टक्क्यांपर्यंत. मालकाला तेवढं भरायची सक्ती नाही. एक लक्षात ठेवा. वर्षाला तुमचा हिस्सा अडीच लाखांच्या वर गेला तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. हा नियम आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून आहे.

व्यवसाय कर आणि कामगार कल्याण निधी हेही यातच येतात का?

नाही. महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात तो कर आहे. रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी तो १९७५ मध्ये आला. तुमच्या नावावर त्यातलं काही जमा होत नाही. कामगार कल्याण निधी वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये कापतात. आणि ग्रॅच्युइटीसाठी तुमच्याकडून काहीच कापायचं नसतं, ती सर्वस्वी मालकाची जबाबदारी. 'ग्रॅच्युइटी कपात' असा रकाना स्लिपवर दिसला तर विचारा.

मी नोकरीत नाही, स्वतःचं काम करतो. किंवा डिलिव्हरी करतो. मला काय?

पीएफ-ईएसआय तुम्हाला लागू नाही. १८ ते ४० वयाच्या असंघटित कामगारांसाठी पंतप्रधान श्रमयोगी मानधन आहे. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये तुम्ही भरायचे, तेवढेच सरकार घालतं आणि ६० नंतर महिना ३,००० मिळतात. डिलिव्हरी आणि टॅक्सीच्या अ‍ॅपवाल्यांसाठी नव्या संहितेत तरतूद आहे. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीत द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही.

नोकरी बदलली. नवीन खातं काढू का?

नका काढू. यूएएन हा १२ आकडी क्रमांक आयुष्यभर एकच. नव्या ठिकाणी तोच द्या, ईएसआयचा १० आकडी विमा क्रमांकही तोच द्या. जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वळवून घ्या, नाहीतर पाच वर्षांची सलग सेवा मोजताना अडचण येते आणि पाच वर्षांच्या आत पैसे काढले तर करही लागतो.

आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का ते बघा. ती नसेल तर खातं वळवताना आणि पैसे काढताना दोन्हीकडे अडतं. कंपनी टाळाटाळ करत असेल तर शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यावर ती तारीख तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, एवढंच लागतं. तो नंबर जुना असेल तर आधी तो बदलून घ्या.